अपस्मारी मुलांसाठीं धांवणें

कोणी मनुष्य 26 मैल 385 यार्ड धांवला, तर त्यामुळें फेफरें येणाऱ्या मुलाचें काय बरें होणार? प्रश्न थट्टेचा दिसतो, पण विचार करण्याजोगा आहे. लंडन शहरांत 1981 सालीं सुरू झालेल्या मॅरेथॉन नांवाच्या शर्यतींत हजारों स्त्रीपुरुष एवढें अंतर धांवतात. त्यांतील बहुतेकांना बक्षिसाची आशा नसते. असा धांवणारा एखाद्या परोपकारी संस्थेला वचन देतो आणि इष्टमित्रांना म्हणतो, “मी धांवतों, तुम्ही पैसे द्या.” ह्या एका शर्यतीच्या निमित्तानें आजवर 100 कोटी पौंडांहून अधिक रक्कम जमली आहे. अपस्मारी मुलांसाठीं झटणाऱ्या संस्थांनाही अशा धांवण्यानें साहाय्य होतें.

ह्यावर कोणी म्हणेल, द्यावयाचेंच तर घरीं बसून मुकाट्यानें कां देऊं नये? गुप्त दानाची शिकवण आपणां सर्वांस ठाऊक आहे. मग हा गाजावाजा कशाला? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. कित्येक धांवणाऱ्यांना त्या मुलापेक्षां स्वतःची तसबीर अधिक प्रिय असते.

तथापि दान गुप्त ठेवणें निराळें आणि रोग गुप्त ठेवणें निराळें. अपस्मार म्हणजे भूतबाधा नव्हे, शिवाशिवीनें लागणारा रोगही नव्हे. मेंदूंतील विद्युत्क्रिया क्षणभर बिघडते आणि झटका येतो, इतकेंच. जगांत सुमारें 5 कोटी लोकांना हा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें, योग्य निदान व उपचार झाल्यास त्यांतील शेंकडा 70 पर्यंत लोक झटक्यांवांचून राहूं शकतील. फेनोबार्बिटल हें स्वस्त औषध 1912 सालापासून वापरांत आहे. असें असूनही गरीब देशांतील सुमारें तीन चतुर्थांश रोग्यांना उपचार मिळत नाहींत. ह्याचें कारण केवळ दारिद्र्य आहे काय? औषधें व वैद्य दूर असतात हें खरें. पण लाजही आडवी येते. खेड्यांत अजून जोडा हुंगवितात, हातांत किल्ल्या देतात, देवऋष्याकडे नेतात, आणि मुलगी असेल तर लग्नाच्या भयानें सारेंच झांकून ठेवितात. आपल्या मंडळ्या यांतून सुटल्या आहेत असें आम्हांस म्हणवत नाहीं. कायद्यानेंही ह्या भयाला हातभार लावला होता: वारंवार येणारा अपस्मार हिंदु विवाहास बाधक ठरविणारे शब्द कायद्यांत 1976 सालीं घातले गेले, ते 1999 सालीं काढले.

इंग्लंडांतही असेंच होतें. 19व्या शतकाच्या अखेरीस सरे परगण्यांत लिंगफील्ड येथें अपस्मारी लोकांसाठीं शहरापासून दूर वसाहत वसविली गेली. हेतु दयेचा होता, पण ती दया दृष्टीआड ठेवणारी. त्याच वसाहतींतून वाढलेल्या, मुलांसाठीं काम करणाऱ्या संस्थेचें नांव आतां सदऱ्यावर घालून लोक लंडनच्या भर रस्त्यांतून धांवतात. जें नांव घरांत कुजबुजत घेतलें जाई, तें रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक मोठ्यानें वाचतात. आमच्या मतें पैशापेक्षां हा लाभ मोठा आहे.

पण येथेंच धांवणाऱ्यानें जपावें. “बिचारें अभागी लेंकरूं” असें म्हणून त्यानें छायाचित्र दाखविलें, तर झोळी भरेल आणि लाजही वाढेल. तें छायाचित्र दाखवावें कीं नाहीं, हें त्या मुलाला कोणीं विचारलें होतें काय? “हा मुलगा वर्गांत पडला, दोन मिनिटांनीं शुद्धीवर आला, आणि विसावा घेऊन पुन्हा गणितें करूं लागला,” असें सांगणाऱ्याला कदाचित् थोडेच पैसे मिळतील. थोडे मिळाले तरी चालतील.

मुंबईंतही 2004 सालापासून अशी शर्यत होते. खेड्यांतील उपदेशकाला तेथवर जाण्याची गरज नाहीं. झटका आला असतां गर्दी हटवावी, मुलाला कुशीवर वळवावें, गळ्याचें वस्त्र सैल करावें, तोंडांत पाणी, चमचा, कांहींच घालूं नये. झटका पांच मिनिटांत थांबला नाहीं तर तडक दवाखान्यांत न्यावें. आणि महिन्याच्या गोळ्या संपत आल्या म्हणजे तालुक्याला जाणाऱ्या कोणाकडून तरी त्या आठवणीनें आणवाव्या. कारण मध्येंच औषध बंद पडल्यास झटके पुन्हा येतात, आणि कधीं कधीं पूर्वीपेक्षां जोरानें येतात.