फोन कुणाच्या हातात?

स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला दिवसभरात जे फोन येतात ते बहुधा एकाच प्रश्नाचे. गोळी घेतलीस का? दुपारी ऑफिसातून भाऊ विचारतो, रात्री परगावची बहीण. आई तर घरातच असते. विचारण्यात माया असतेच; पण पंधरा-वीस वर्षं हेच कानावर पडलं की आपल्याकडे विचारण्याजोगं दुसरं काही उरलेलं नाही असं त्याला वाटू लागतं. घर माणसांनी भरलेलं असूनही तो एकटा असतो तो असा. त्यामुळे ‘एकटेपणावर ॲप’ असं कुणी म्हणालं की मला आधी हा फोन आठवतो.

पुण्यात यावर एक साधा मार्ग काढला गेला होता. कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाचा अनुभव गाठीशी बांधून १९९७ साली इथे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे आपली ‘सा’, उभी केली. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा ‘देवराई’ पुढे त्यांच्याच पाठबळावर झाला. चित्रपटाचं नाव झालं, पण माझ्या मते ‘सा’चं मोठं काम स्वमदत गटाचं. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. पहिल्यांदा ऐकताना हे शब्द जरा सोवळे वाटतात. पण ‘मला आवाज ऐकू येतात’ असं म्हटल्यावर ‘मलाही यायचे’ असं उत्तर मिळण्याची जागा शहरात आणखी कुठे आहे?

अडचण तिथवर पोचण्याची. औषधांनी जडावलेलं अंग, उठावंसंच न वाटणं (हे आजाराचंच लक्षण, आळस नव्हे), त्यात दोन बस बदलून जायचं आणि गर्दीतली प्रत्येक नजर आपल्यावरच रोखलेली वाटायची. कोविडच्या टाळेबंदीत ठिकठिकाणचे असे गट व्हिडिओ कॉलवर गेले तेव्हा एक अनपेक्षित सोय झाली: कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकत बसता येऊ लागलं. सभागृहात गप्प बसलेल्याकडे लोक वळून बघतात, पडद्यावर ते होत नाही. एवढ्यासाठी तरी ऑनलाइन बैठकीला मी उंबरठा मानतो.

पण उंबरठ्यावर कायम बसून राहता येत नाही. मेलबर्नमध्ये ‘होरायझन्स’ नावाच्या ऑनलाइन व्यासपीठाची चाचणी झाली. मनोविकाराचा पहिला झटका येऊन गेलेले १७० तरुण तिच्यात होते. दीड वर्ष चाललेल्या प्रयोगात तज्ज्ञ होते, त्याच वाटेने गेलेले सोबतीही होते. तरीही सामाजिक जीवनात नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फरक दिसला नाही. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाण्याचं प्रमाण मात्र कमी झालं. म्हणजे पडझड थोपवायला आधार मिळाला, गोतावळा वाढला नाही. मला हा निकाल निराशाजनक वाटत नाही, प्रामाणिक वाटतो.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला कुणीतरी फोन उचलणं ही लहान गोष्ट नव्हे. पण पुन्हा फोन लावल्यावर तोच माणूस भेटेल असं नाही, आणि ओळख वाढायला तोच माणूस लागतो. चॅटबॉट कधीही हजर असतो खरा. पण संशयाने पछाडलेल्या माणसाच्या होला हो मिळवणारा सोबती मला धोक्याचा वाटतो. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं ज्याला वाटतं, त्याच्या हाती पावलं, झोप आणि ठावठिकाणा टिपणारं ॲप ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून द्यायचं, याचा विचार करणाऱ्यांनी एकदा त्याच्या जागी बसून पाहावं. तिथे त्याचा संशय भ्रम उरत नाही, खराच ठरतो.

आणि मुळात फोन असतो कुणाच्या हातात? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम २६ने रुग्णालयात दाखल असलेल्या व्यक्तीलाही फोन करण्याचा आणि घेण्याचा, ई-मेल पाठवण्याचा हक्क दिला आहे. रास्त वेळ आणि तिथले नियम पाळून. घरात मात्र हे कलम पोचत नाही. उन्मादाच्या भरात हजारोंची खरेदी झाली, मध्यरात्री जुन्या साहेबांना पंचवीस मेसेज गेले, की फोन आईच्या कपाटात जातो. आईची भीती खोटी नसते; निस्तरावं तिलाच लागतं. पण झटका ओसरून वर्ष लोटलं तरी फोन कपाटातच राहतो, तेव्हा तिथे भीतीपेक्षा सवय जास्त असते. खर्चाला मर्यादा घालता येते, बँकेचं ॲप काढून टाकता येतं. हे ठरवायचं ते बऱ्या दिवसांत, त्याला समोर बसवून. असा स्वतःचा फोन ज्याच्यापाशी नाही, त्याच्यासाठी ऑनलाइन गट असून नसल्यासारखाच.

शुभंकरांना एवढंच सांगावंसं वाटतं. आज त्याला फोन कराल तेव्हा गोळीचा विषय काढू नका, काहीतरी काम सांगा. कोपऱ्यावरून अर्धा लिटर दूध आणि कोथिंबिरीची जुडी आणून ठेव म्हणावं. विसरला तर विसरला.