मुक्याची सहनशीलता

सहनशीलता हा सद्गुण आहे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु किती सहन करावयाचें आहे हेंच ज्यास ठाऊक नाहीं, त्याचें सहन करणें सद्गुणांत मोडतें काय? हा प्रश्न आम्हांस सुचला तो घोड्यावरून; आणि खानदेशांत घोड्याचा विषय निघाला म्हणजे सारंगखेड्याचें नांव येणारच.

दत्तजयंतीस तापीकांठच्या या गांवीं एकमुखी दत्ताची यात्रा व घोड्यांचा मोठा बाजार भरतो. (१९९८ सालीं जिल्हा विभागला, तेव्हां गांव धुळ्याकडून नंदुरबाराकडे गेलें, बाजारास त्याचें सुखदुःख नाहीं.) तेथील महोत्सवास नांव दिलें आहे चेतकाचें. १५७६ सालीं हळदीघाटच्या लढाईंत जखमी असतांही धन्यास वांचवून ज्यानें प्राण सोडला असें परंपरा सांगते, तोच हा चेतक. त्याची स्तुति आम्हांसही गोड वाटते. पण तिच्या आड, घोडा पडेपर्यंत धांवतो तोंवर धांवडवावा, अशी एक समजूत दडलेली असते, ती मात्र आम्हांस मान्य नाहीं.

समजा, बाजारांत घेतलेल्या घोड्यावर बसून कोणी शिंदखेड्यावरून अमळनेराकडे निघाला आहे. नरडाण्याजवळ घोडा मंदावतो, पुढच्या पायानें जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, लोळूं पाहतो. हा पोटशूळ होय. चारा बदललेला, पाणी कमी, घाम पुष्कळ. श्रमांत रक्त स्नायूंकडे वळतें आणि आंतड्यांची हालचाल मंदावते. माणसास ओकून तरी मोकळें होतां येतें. घोड्यास ओकतां येत नाहीं, जठर फार तुंबलें तर तें फुटतें. हल्लीं बहुतेक घोडे मालमोटारींतून जातात हें खरें. पण तहानेनें उभ्या उभ्या केलेल्या प्रवासांतही हें संकट येतेंच.

स्वार म्हणतो, "थोडा चालला कीं मोकळा होईल." खरी अडचण अशी कीं, हें कधीं कधीं खरेंही असतें. साधा वाताचा शूळ हळू फिरविल्यानें उतरतो. आंतड्यास पीळ पडला असेल तर तोच गेलेला वेळ प्राणावर बेततो. सुरुवातीस दोन्ही सारखेच दिसतात. घर गांठावयाची घाई ज्यास आहे, त्यास साधा शूळच दिसावा हें स्वाभाविक आहे. तो दुष्ट असतो असें नव्हे. स्वतःच्याच खटल्यांत तो न्यायाधीश होऊन बसलेला असतो.

कॅलिफोर्नियांत १९५५ पासून एका दिवसांत शंभर मैलांची 'टेव्हिस कप' ही शर्यत होत आली आहे. तींत हा न्याय स्वाराच्या हातीं ठेवलेला नाहीं. वाटेंत पशुवैद्य नाडी मोजतो, पोटास कान लावून आंतड्यांचा आवाज ऐकतो. स्वस्थ घोड्याची नाडी मिनिटास सुमारें ३० ते ४० असते, आणि विसाव्यानंतर ती ठरलेल्या मर्यादेंत उतरली नाहीं तर शर्यत तेथेंच संपली. पहिल्या दहांत येऊन ज्याची प्रकृति उत्तम राहिली त्या घोड्यास निराळा चषक आहे. आम्हांस तोच अधिक मोलाचा वाटतो. यावर कोणी म्हणेल, निर्णय दुसऱ्यानेंच घ्यावयाचा तर स्वाराच्या विवेकास काम काय उरलें? आमच्या मतें, आपल्या इच्छेवर पहारेकरी बसवून घेणें हेंही विवेकाचेंच काम आहे.

नरडाण्याच्या वाटेवर मात्र असा पहारेकरी नसतो. तेथें खालीं उतरावें, खोगीर काढावें, चारा दूर करावा, वैद्यास बोलवावें. नळकांड्यानें तेल पाजण्याची जुनी रीत सोडावी. तें फुप्फुसांत गेलें तर दुसराच रोग जडतो. आणि वैद्य आल्यावर 'एक सुई द्या, घर गांठतों' असें म्हणूं नये. सुईनें वेदना शमते, पीळ सुटत नाहीं. १९६० चा कायदाही आजारामुळें असमर्थ झालेल्या जनावरास कामास लावणें गुन्हा मानतो. परंतु त्या सांजवेळीं तेथें शिपाई नसतो. घोडा जमीन उकरून जें सांगावयाचें तें सांगून चुकलेला असतो, आणि अमळनेर उद्यांही जागच्या जागींच असतें.