ढासळलेल्या शिखराखालचा देव

गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीजवळच्या मार्कंडा इथे वैनगंगा उत्तरेकडे वळते. काठावर महादेवाच्या मंदिरांचा समूह उभा आहे. शिखर वीज पडून ढासळलं, असं सांगितलं जातं. भिंतींवर मात्र अप्सरा, दिक्पाल, शिवाची नाना रूपं दाटीवाटीने कोरलेली. पाऊस-उन्हाने एखादीचं नाक झिजलं, तरी कमरेवरच्या मेखलेचा मणी न् मणी मोजून घ्यावा.

मग देऊळ मोडलं की देव राहतो का?

आगमशास्त्राकडे याचं नेमकं उत्तर आहे. जीर्णोद्धाराआधी मूर्तीतलं चैतन्य मंत्राने कलशात उतरवायचं, काम झालं की परत बसवायचं. म्हणजे दगड हे देवाचं घर, देव नव्हे.

घर बदललं तरी देव टिकतो, हे दूरही दिसतं. कंबोडियातलं अंगकोर वाट बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधलं गेलं, पुढे बौद्ध झालं. तरी पश्चिम गोपुरातल्या भव्य अष्टभुज विष्णूला आजही उदबत्ती लागते. भारतीय पुरातत्त्व खात्यानेही 1986 ते 1993 या काळात तिथे दुरुस्ती केली.

इकडे विदर्भात ताडोब्याला मोहर्लीच्या रिसॉर्टांत उतरणारे बहुतेक जण वाघ पाहून परततात. मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या यात्रेत वैनगंगेत स्नान करून येणारी गर्दी वेगळी. तिला शतक, शैली, घराणं ठाऊक नसेल. पण पुरातत्त्वाची जपणूक आणि या गर्दीचा बेलपत्राचा हक्क, दोन्ही सांभाळायलाच हवेत. त्यासाठी दुरुस्तीच्या आराखड्यातच पूजेची जागा आधी ठरवावी लागेल.