धुराचे धनी

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला आग लागली. तिचा धूर मुंबईवर कसा पसरला, हे नासाच्या उपग्रहाने टिपले. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. घाटकोपरला आपण खिडक्या लावून घेतल्या. गोवंडीच्या झोपड्यांना ती सोय नव्हती.

धूर कोठून उठला, वाऱ्याने कोठे नेला, हे उपग्रह सांगतो. तो कोणाचा, हे सांगत नाही. १९२७ पासून तेथे साचत गेला तो शहराच्या घराघरांतला, म्हणजे आपलाच, कचरा. त्यातील ओला भाग कुजला की मिथेन वायू सुटतो आणि आग आतल्या आत धुमसत राहते.

‘ठाऊक नव्हते’ ही सबब त्या छायाचित्राने संपवली. म्हणून ओला कचरा वेगळा ठेवणे ही केवळ महापालिकेची आज्ञा नव्हे. एका अनोळखी मुलाच्या श्वासाचे ऋण फेडणे आहे.