टाळे उघडण्याचा क्रम

2020 साली तुळजापूरला रेल्वे नव्हती; एस.टी. थांबली की गावच थांबे. टाळेबंदीनंतर 20 ऑगस्टला जिल्ह्याबाहेरची एस.टी. सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी औरंगाबाद खंडपीठाने (आम्हीही दाद तिथेच मागतो) तबलीगच्या 29 परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता न्यायालयाने बोलून दाखवली. आम्हाला इन्साफ मिळाल्यासारखे वाटले.

बरोबर महिन्याने, 21 सप्टेंबरला, गृह राज्यमंत्र्यांचे राज्यसभेत लेखी उत्तर आले: दिल्लीच्या मेळाव्यामुळेही अनेकांना संसर्ग झाला. निकाल नगर जिल्ह्यातल्या गुन्ह्यांचा, उत्तर दिल्लीचे. कायद्याच्या दृष्टीने विसंगती नाही. संसर्ग झालाही असेल. साथ गर्दी पाहते, धर्म पाहत नाही. मग बाकीच्या गर्दींचा हिशेब कुठे आहे? हे उभे राहून विचारावे, तर त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. आणि खरे सांगायचे तर, आपल्या खासदाराला साधे पोस्टकार्ड तरी आमच्यापैकी कितीजणांनी टाकले?

16 नोव्हेंबरला भवानीमातेचे मंदिर आणि आमच्या मशिदी एकाच आदेशाने उघडल्या. साथीच्या भीतीने मुसलमान भाजीवाल्याचे तुटलेले गिऱ्हाईक कधी परतावे, हे मात्र कोणत्याच आदेशात नव्हते.