घट्ट, पण किती काळ?

1835 साली जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन शहरात भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर रेशमाचे धागे ताणून पाहत होता. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायच्या उपकरणात चुंबक अशाच धाग्याला टांगलेला असे, त्यामुळे धाग्याचा स्वभाव कळणं भागच होतं. वजन अडकवलं की धागा लगेच लांबे, पण तिथे थांबत नसे. पुढे कितीतरी वेळ हळूहळू लांबतच राही. वजन काढल्यावर बराचसा चटकन आखडे, उरलेला सावकाश.

रेशीम हा अंशतः स्फटिकमय पॉलिमर. त्याच्या लांबलचक रेणूसाखळ्या काही ठिकाणी शिस्तीत रचलेल्या, काही ठिकाणी गुंतवळ झालेल्या. नायलॉन आणि पॉलिथीनही त्याच जातीचे. ओल्या कपड्यांच्या ओझ्याने नायलॉनची दोरी दिवसागणिक झोळ खाते, ती याच स्वभावामुळे. मग तिला घन म्हणायचं की वाहणारी?

या प्रश्नाचं उत्तर अभियंता मार्कस रायनर याने 1964 च्या एका लेखात थेट बायबलच्या आधाराने दिलं. ‘शास्ते’ या ग्रंथातल्या दबोराच्या गीतात परमेश्वरासमोर पर्वत वाहिल्याचा उल्लेख आहे. रायनरचं म्हणणं असं, की माणसाच्या अल्पायुष्यात पर्वत स्थिर दिसतात. ज्याचा काळ अनंत, त्याच्यापुढे ते वाहतात. पदार्थाला सैल व्हायला लागणारा वेळ भागिले आपण पाहतो तो वेळ, या गुणोत्तराला त्याने दबोराचंच नाव दिलं. ते मोठं असेल तर पदार्थ घन, अगदी लहान असेल तर द्रव.

सगळंच वाहतं, तर मग प्रत्येक गोष्ट क्षणोक्षणी नष्ट होते असं म्हणणारे क्षणभंगवादी बौद्धच बरोबर होते का? जे काही कार्य करतं ते क्षणिकच असलं पाहिजे, असं सातव्या शतकात बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने मांडलं. पुढे नैयायिक उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ लिहून क्षणभंगाचं खंडन केलं. सगळंच क्षणिक असेल, तर ‘हा तोच’ अशी ओळख पटते, तिला काही आधार हवा की नको?

पॉलिथीनच्या स्फटिकात डोकावलं की या वादाला वेगळंच वळण लागतं. हा स्फटिक वितळतो साधारण 130 अंश सेल्सिअसच्या आसपास. पण त्याच्या कितीतरी आधीच, घन अवस्थेतच, त्यातली साखळी स्वतःभोवती अर्धा फेरा घेते आणि एका कार्बनाएवढी पुढे सरकते. असं होता होता स्फटिकातला तुकडा बाहेरच्या गुंत्यात जातो, गुंत्यातला आत येतो. माइन्झच्या संशोधकांनी 1991 मध्ये चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने ही ये-जा टिपली. घटक बदलत असतात. स्फटिकाची जाळी मात्र तीच राहते, आणि भार पेलते ती जाळीच. बौद्ध तिला संतती, म्हणजे क्षणांची नुसती मालिका, म्हणतील. म्हणोत, पण जी भार पेलते तिला भास म्हणणं पटत नाही. रचनेचं टिकणं हेही खरंखुरं टिकणंच आहे, निदान ज्या काळाच्या मापाने आपण जगतो त्या मापाने.

शिवाय हे सरकणं म्हणजे निव्वळ झीज नव्हे. साखळ्या स्फटिकातून घसरू शकतात म्हणूनच पॉलिथीन मूळ लांबीच्या कितीतरी पट ओढता येतं, आणि अतिदीर्घ साखळ्यांचं असेल तर वजनाच्या मानाने पोलादाहून बळकट तंतू होतो. जहाजं धक्क्याला बांधून ठेवायचे दोर त्याचे वळतात. त्याच घसरणीमुळे हे दोर सततच्या भाराखाली लांबतही जातात. म्हणून वर्षानुवर्षं ताणाखाली राहणाऱ्या दोराची निवड करताना नुसतं बळ पाहून भागत नाही. किती भार, किती तापमान आणि किती वर्षं, हे तिन्ही आधी ठरवावं लागतं.