आधी त्यालाच विचारू या



कान्ह्याहून पुण्याकडे जाणारी लोकल खडकीला थांबते. या खडकीत १९७४ पासून ‘पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर’ आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचा तेथे सांभाळ होतो. कुणाचे पाय गेले आहेत. इजा मानेत असेल तर हातही लुळे पडतात. अशा माणसाला पाहिले की आपण मनात म्हणतो, देवा, याला पुन्हा चालू दे.

पण त्याला स्वतःला काय हवे असते? अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हे रुग्णांनाच विचारले होते. हात आणि पाय दोन्ही अधू झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी पहिली पसंती हातांना दिली. आधी स्वतःच्या हाताने घास घेता यावा. चालण्याचे नंतर पाहू.

हे थोडेफार साधू शकते. मानेच्या खालच्या भागात इजा असेल, तर पुष्कळदा कोपर वाकते, मनगट उचलते. पण कोपर जोर लावून सरळ करता येत नाही आणि बोटे मिटत नाहीत. स्वीडनचे डॉ. एरिक मोबर्ग यांनी १९७० च्या दशकात अशा हातांवरील शस्त्रक्रियेला चालना दिली. चालू स्नायूंपैकी ज्याच्यावाचून भागते, त्याची कंडरा सोडवून ती अंगठ्याच्या निकामी स्नायूच्या कंडरेला जोडतात. मग किल्ली धरावी तसा चमचा धरता येतो. २०१९ साली मेलबर्नच्या डॉक्टरांनी चालू नस बंद पडलेल्या नसेला जोडून मिळालेले चांगले परिणामही प्रसिद्ध केले.

मात्र कणा बरा होत नाही. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे हात जपावा लागतो. तोवर थोडेफार जमणारेही थांबते आणि परावलंबन वाढते. नुसत्या एका चिमटीसाठी एवढे सोसावे का?

घरचे म्हणतात, “आम्ही आहोत ना भरवायला!” कुणी म्हणतो, “विज्ञान आहे, करून टाका.” कुणी म्हणतो, “देवाची इच्छा, स्वीकारा.” तिघांच्याही मनात प्रेम आहे, पण तिघेही त्याच्या वतीने उत्तर देतात. दुसऱ्याच्या हातून जेवणारा माणूस परमेश्वराच्या दृष्टीने तसूभरही कमी नाही. म्हणून त्याने शस्त्रक्रिया नाकारली, तर तो भित्रा ठरत नाही. आणि स्वतःच्या हाताने कपाळावर क्रुसाची खूण करता यावी, एवढ्यासाठी त्याने ती मागितली, तर ती मागणी क्षुल्लक नाही. मात्र नुसते विचारून भागत नाही. असा उपाय आहे, त्यात लाभ किती आणि त्रास किती, हे त्याला कुणी सांगितलेच नसेल, तर तो काय निवडणार?

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय प्रभू येशूपुढे उभा राहिला. त्याला काय हवे होते, हे कुणालाही दिसत होते. तरीही प्रभूने त्याला विचारले आणि त्याच्याच तोंडून ऐकून घेतले. बार्तीमयाचा मान तेथेच राखला गेला; डोळे उघडले ते त्यानंतर.

आपल्या धर्मग्रामातही अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत. पुढच्या वेळी त्यांना भेटायला जाल, तेव्हा प्रार्थनेला सुरुवात करण्यापूर्वी एवढे जरूर विचारा, “तुमच्यासाठी काय मागू?”